बोटं पुसायचं फडकं

आमच्या घरात खिळे ठोकायचं काम माझं. नळ गळला तर पाना मी फिरवायचा, घट्ट बसलेलं झाकण मी उघडायचं, हिवाळ्यात दारातला बर्फही मीच ओढायचा. आमचे हे, कियोहारु चिबा, शिओगामा बंदराच्या मागच्या गल्लीत उभं आयुष्य सुशीचं दुकान चालवलेला माणूस, घरात कशाला हात लावायचे नाहीत. शेजारणी मला म्हणायच्या, नोबुए, तू नवरा नाही, पाहुणा पाळलायस. आळशी होते असं नाही. ते हात घरासाठी नव्हतेच मुळी, दुकानासाठी होते.

त्या हातांपायी माझा जन्म गेला म्हटलं तरी चालेल. वासाचा साबण आमच्या घरात कधी आला नाही. लसूण सोलायची तर मी, तीही मागच्या अंगणात. ह्यांना मांजर फार आवडायचं, पण पाळलं नाही, ओरखडा निघाला तर काय म्हणून. बोटाला एवढंसं कापलं तरी दुकानाला सुट्टी, कारण जखमेचा हात भाताला लावायचा नाही, आणि हातमोजा घालून उभं राहायचं नाही. करोनाच्या दिवसांत दुकानदारांच्या बैठकीत कोणीतरी हातमोज्यांचा विषय काढला. हे उठून म्हणाले, "तुम्ही नातवाला आंघोळ हातमोजे घालून घालता का?" आणि चहा न पिताच घरी आले.

लग्न झालं तेव्हा ह्यांच्या हाताचं मला नवल वाटलं होतं. एवढ्या कष्टाच्या माणसाचा हात इतका मऊ, आणि इतका गार. सिरक्याच्या पाण्यात बोटं बुडवायची, एक टाळी वाजवून जादा पाणी झटकायचं, उजव्या हाताने भात उचलायचा, डाव्या तळव्यावर मासा, त्यावर भाताची मूद, दोन बोटांनी दाबून वळवायची आणि समोर ठेवायची. बघणाऱ्याला वाटतं, यात काय आहे. यात एवढंच आहे की ती मूद बोटांत उचलली तर मोडायची नाही आणि जिभेवर ठेवली तर राहायची नाही, आपोआप सुटायची. भात अंगाइतका कोमट लागतो. तो घडीघडीला बदलतो, वरचा सुकतो, खालचा चिकट होतो, आणि दर वेळी किती दाबायचं हे बोटं ठरवतात. ह्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. ते म्हणायचे, मला काय विचारतेस, ह्या बोटांना विचार, आणि हात पुढे करायचे.

मे महिन्यात एका सकाळी बाजारातून माशांची पेटी घेऊन येताना हे दारातच खाली बसले. अर्धांगाचा झटका होता, हलका होता, वेळेवर नेलं. पावलं सरळ पडू लागली, जीभ वळू लागली. उजव्या हातात जोरही परत आला, पण त्या बोटांना काही कळेना. गरम कळेना, गार कळेना, मऊ कळेना. डॉक्टर चांगला होता बिचारा, चित्र काढून समजावलं त्याने. जोर येतो, स्पर्श येईलच असं नाही, आणि इतक्या दिवसांत आला नाही म्हणजे आता येणार नाही असं धरून चाला, म्हणाला. ह्यांनी एवढंच विचारलं, "भात कळेल का?" डॉक्टर म्हणाला, "चमचा छान धरता येईल तुम्हाला."

घरी आल्यावर माझं म्हणणं होतं, झालं तेवढं पुष्कळ झालं, आता मांजर पाळा. ह्यांनी ऐकलं नाही. टोफूवाल्याकडून सोयाबीनचा चोथा आणायला लावला. धंद्यात नवखी पोरं हात बसवायला चोथ्याच्या मुदी वळतात, तशा हे साठी उलटलेले उस्ताद स्वयंपाकघरात बसून वळू लागले. मग भातावर आले. एकदा चुलीवरून उतरलेल्या भातात सरळ हात घातला आणि तिथेच धरून ठेवला. मी ओरडले तेव्हा बाहेर काढला. बोटं लाल झाली होती आणि हे माझ्याकडे बघत होते, ही का ओरडतेय म्हणून.

वजन काट्यावर बरोबर यायचं. डोळ्यांनी मापायला ते शिकले, तालावर दाबायला शिकले. पण काही मुदी नेमक्या व्हायच्या आणि काही चिकणमातीसारख्या घट्ट, आणि कुठली कशी झाली ते खाल्ल्याशिवाय समजायचं नाही. खाऊन हे सांगायचे, ही गेली, ही बरी. जीभ शाबूत होती. पण गिऱ्हाइकापुढे ठेवायची सुशी आधी आपण खाऊन बघता येत नाही ना. आमची मुलगी चिझुरु सेंदाईला असते, ती फोनवर म्हणाली, मूद पाडायचं यंत्र मिळतं, बाबा, आत ठेवा, कुणाला दिसणार नाही. हे म्हणाले, मला दिसेल. मग ती म्हणाली, तुमच्या हट्टापुढे काय बोलायचं. फोन ठेवून हे माझ्याकडे वळले.

"हातमोज्यांवरून मी केवढा भांडलो होतो," म्हणाले. "आता माझ्या हाताला कायमचाच चढवलाय. निघत नाही."

मला रडू आलं, पण मी उठून भांडी घासायला गेले. ह्यांच्यासमोर रडलं की ह्यांनाच माझी समजूत घालावी लागायची, आणि तेवढं त्राण त्यांच्यात नव्हतं.

ऑगस्टअखेर बहुतेक मुदी बऱ्या होऊ लागल्या. ह्यांनी दुकान उघडायचं ठरवलं, पण त्याआधी ओनोदेरांना घरी बोलावलं. ओनोदेरा म्हणजे आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. बंदरावर कुपा माशाचा, म्हणजे ट्यूनाचा, लिलाव पुकारायचे, आता निवृत्त. शेपटीचा एवढासा तुकडा दोन बोटांत चोळून आख्ख्या माशाची चरबी सांगणारा माणूस, आणि तोंडाचा इतका फटकळ की बायकोच्या श्राद्धाला आलेल्या भिक्षूला पाठ चुकल्याचं तिथेच सांगितलं. दुकानात भिंतीकडची शेवटची खुर्ची त्यांची. सुशी कायम हातानेच खायचे.

ते कलिंगड घेऊन आले. हे चटईवर नीट गुडघे मोडून बसले आणि डोकं टेकवलं.

"ओनोदेरा-सान, ही सांगणार नाही, मुलगी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. माझी सुशी ज्या दिवशी तुमच्या बोटांना पटणार नाही, त्या दिवशी तोंडावर सांगा. मी दारावरचा पडदा उतरवीन, दुकान बंद."

ओनोदेरांनी थोडा वेळ कलिंगडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "सांगेन. मला काय, मी कुणालाही सांगतो."

हे इतके हलके झाले त्या दिवशी. रात्री कलिंगडाच्या दोन फोडी जास्त खाल्ल्या. पोरं परीक्षेच्या आधी गुरुजींना भेटून येतात आणि निर्धास्त होतात, तसं काहीतरी. मलाही वाटलं, चला, एक तरी खरं बोलणारा आहे.

सप्टेंबरात निळा पडदा पुन्हा दारावर चढला. त्या सकाळी मी बोटं पुसायची नवी फडकी शिवून ठेवली होती. आमच्याकडे हाताने खाणाऱ्या प्रत्येकासमोर एक ओलं फडकं घडी घालून ठेवायचं असतं, प्रत्येक घासाआधी त्याला बोटं टेकवायची म्हणजे भात चिकटत नाही. ते ठेवणं, उचलणं, धुणं हे माझं खातं. दुकानात माझं जे काही होतं ते ह्या फडक्यांएवढंच, पण तेवढ्यात मी कुणाला हात घालू दिला नाही.

ओनोदेरा पहिले आले. हे सिरक्याच्या पाण्यात हात बुडवून टाळी वाजवून उभे राहिले, ती टाळी मी इतक्या महिन्यांनी ऐकत होते. पहिला लेपा मासा दिला. ओनोदेरांनी फडक्याला बोटं टेकवली, सुशी उचलली, तोंडात टाकली. आणि चावू लागले. त्यांचा जबडा हलताना मी पाहिला. ह्यांच्या हातची सुशी खाताना त्या माणसाला एवढा वेळ चावताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी गिळलं, वर पाहिलं आणि म्हणाले, "वा."

ओनोदेरा आणि वा. त्या माणसाने आयुष्यात वा म्हटलं नव्हतं. आवडलं तर ते पुढची मागायचे, एवढंच. मला तिथेच कळायला हवं होतं, आणि कळलंही, पण पहिला दिवस आहे, हात बावरला असेल, अशी मी माझी समजूत घातली. हे मात्र उजळले होते.

पुढच्या वेळी ओनोदेरा आले ते तर्जनीला पांढरी पट्टी गुंडाळून. कालवं उघडताना सुरी लागली म्हणाले, आणि मागे पडलेल्या डब्यातून चॉपस्टिकच्या काड्या उचलल्या. ह्यांनी बोटाची चौकशी केली, बाजारातल्या मलमाचं नाव सांगितलं, आणि मग एक गोष्ट केली जी आमच्या धंद्यात कुणीही शहाणा करील. काड्यांनी खाणाऱ्याची सुशी थोडी घट्ट वळायची असते, नाहीतर काड्यांमध्ये मोडते. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की उस्ताद आधी त्याच्या हाताकडे बघतो आणि त्याप्रमाणे दाब ठरवतो, हा शिष्टाचार आहे. ह्यांनी काड्या पाहिल्या आणि आणखी जोर लावला. जे आधीच घट्ट होतं ते आणखी घट्ट झालं. ओनोदेरांनी ते सगळं संपवलं. वर चहा दोनदा मागून घेतला.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत दंतवैद्य कुमागाईबाईंनीही काड्या उचलल्या. त्या वर्षानुवर्षं हाताने खायच्या. म्हणाल्या, दिवसभर औषधात हात असतो, वास जात नाही. मग बर्फाच्या कारखान्यातले दोघे. मग शाळेचे निवृत्त मास्तर. प्रत्येकाकडे काही ना काही कारण होतं आणि एकाचंही कारण मला पटलं नाही. सगळ्यांचा हेतू एकच होता. सुशी घट्ट आहे असं दिसू नये, गिऱ्हाइकाला घट्टच हवी होती असं दिसावं, म्हणजे उस्तादाला कमीपणा नाही. त्यांनी ते आपापसांत ठरवलं होतं की न बोलताच एकाचं पाहून दुसऱ्याने केलं, मला आजही माहीत नाही. आमच्या गावात अशा गोष्टी बोलाव्या लागत नाहीत.

आणि हे बिचारे, काड्या बघून प्रत्येकाला जास्त जास्त दाबून द्यायचे. मला म्हणायचे, लोकांची सवय बदलली बघ, आता सगळे काड्याच वापरतात, काळ बदलला. आणि सुशीवर खूश आहेत, कुणी एक घास टाकत नाही.

संध्याकाळी मी फडकी धुवायला घ्यायची. घडी जशी घातली तशी असायची. मी मांडताना कडेला बोटाने दाबून एक खूण करते, तीसुद्धा मोडलेली नसायची. ती न वापरलेली फडकी मी पुन्हा धुवायची, कारण न धुता ठेवली असती तर ह्यांना दिसलं असतं. माझा राग राग व्हायचा. कुणावर, ते मात्र ठरत नव्हतं. ज्यांना खरं बोलायला सांगितलं होतं त्यांच्यावर जास्त.

एकदा दुपारी मी ओनोदेरांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं. ते मिठाईच्या दुकानासमोर उभे होते.

"परवा ही पट्टी तर्जनीवर होती," मी म्हणाले. "आज मधल्या बोटावर आहे. खोटं बोलायचंच तर नीट तरी बोला."

त्यांनी हाताकडे पाहिलं आणि तो कोटाच्या खिशात घातला.

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता," ते म्हणाले. "दर वेळी ठरवून येतो, नोबुए-सान. आज सांगायचं म्हणून येतो. मग तो टाळी वाजवतो आणि माझी जीभ टाळूला चिकटते. कुप्याला बोट लावून मी माणसांची घरं बुडवलीत, तोंडावर सांगितलंय, हा मासा फालतू आहे. पण त्या माणसाकडे ह्याशिवाय काय आहे, सांगा ना."

मी मिठाईच्या काचेकडे बघत उभी राहिले. मग ते म्हणाले, तुम्हीच का नाही सांगत. मी घरी आले आणि संध्याकाळची फडकी घडी घालून गिऱ्हाइकांपुढच्या फळीवर मांडली, रोजच्यासारखी.

तो दिवस नोव्हेंबरातला. बाहेर गारठा, दुपारची वेळ, दुकानात आपलीच माणसं. ओनोदेरा भिंतीकडे, शेजारी कुमागाईबाई, पलीकडे बर्फवाले दोघे. आत भाताची वाफ, काचा धुरकटलेल्या. ह्यांनी बांगडा दिला. ओनोदेरांनी काड्यांनी धरून सोया सॉसच्या बशीकडे नेला, आणि वाफेने म्हणा, कसं म्हणा, बोटावरची पट्टी सैल होऊन घसरली ती सरळ बशीत पडली. सोया सॉस प्यायली आणि तपकिरी होऊन पसरली.

बोट स्वच्छ होतं. ना जखम, ना खूण.

ओनोदेरांनी काड्या खाली ठेवल्या. ह्यांनी ते बोट पाहिलं. मग कुमागाईबाईंच्या काड्या पाहिल्या. मग पलीकडच्या दोघांच्या. प्रत्येकाच्या समोरचं फडकं पाहिलं, घडी केलेलं, कोरंकरकरीत. ह्यांना वेळ लागला नाही. सगळं आयुष्य गिऱ्हाइकाच्या हाताकडे बघण्यात गेलेला माणूस.

"बोट बरं झालेलं दिसतं, ओनोदेरा-सान," हे म्हणाले.

"हो."

"मग ही हाताने घ्या."

बशी उचलून दुसरी ठेवली. सिरक्याच्या पाण्यात हात बुडवला, टाळी वाजवली. भात उचलला. माकूळ घेतला, जो सगळ्यात निसरडा, ज्याखाली मूद जरा बिघडली तरी लपत नाही. इतक्या सावकाश वळताना मी ह्यांना कधी पाहिलं नव्हतं. ठेवली. ओनोदेरांनी फडक्याला बोटं टेकवली. किती आठवड्यांनी त्या फडक्याची घडी मोडली. त्यांनी सुशी उचलली, तोंडात घातली, आणि आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो.

बराच वेळ चावून त्यांनी गिळलं.

"सांगा," हे म्हणाले.

"घट्ट आहे, तायशो."

तायशो म्हणजे दुकानाचा धनी, सगळी गिऱ्हाइकं ह्यांना तसंच म्हणायची. पण ओनोदेरांनी तो शब्द असा उच्चारला की जणू निरोप घेत होते.

"कधीपासून?"

ओनोदेरांनी मान खाली घातली. "पहिल्या दिवसापासून."

ह्यांनी हात पुसले. मग पलीकडच्यांकडे वळून म्हणाले, "आणि मी काड्या बघून आणखी दाबत होतो." कुमागाईबाई रडायला लागल्या, तोंडावर रुमाल धरून. बर्फवाल्यांपैकी एक म्हणाला, चांगलंच लागायचं हो, खरंच. ह्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो पुढे बोलला नाही.

"सगळ्यांनी दोन-अडीच महिने दगड खाल्लेत," हे म्हणाले. "पोटं बरी आहेत ना?"

कुणी हसलं नाही. ह्यांनी फळीला कपाळ लागेपर्यंत वाकून सगळ्यांची क्षमा मागितली. तेही सगळे उठून उभे राहिले आणि वाकले. माणसं एकमेकांसमोर वाकून उभी, वर कोणी आधी यायचं ते कुणालाच कळेना. माझ्याकडे ह्यांनी एकदाही पाहिलं नाही. विचारलंही नाही, तुला माहीत होतं का म्हणून. फडकी कोण धुतं ते त्यांना ठाऊक होतं.

सगळे गेल्यावर ह्यांनी स्वतः पडदा उतरवला. दांडी उजव्या हातात धरली होती आणि ती निसटतेय हे त्यांना समजलं नाही, तेव्हा मी खालून धरली. खिळ्यावरून काढून आत आणली. पडदा धुऊन, इस्त्री करून, मी कपाटात ठेवला. तो पुन्हा लागणार नव्हता, तरी.

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते काय सांगू. ओनोदेरा आले नाहीत, पण कुप्याच्या पोटाचा तुकडा पाठवला, ह्यांनी तो परत पाठवला नाही आणि खाल्लाही नाही. चिझुरु येऊन राहून गेली. तिने आल्या आल्या मांजराचं पिल्लू आणलं, राखाडी, गोड. हे त्याला डाव्या हाताने कुरवाळायचे. पिल्लाने उजव्या हातावर ओरखडे काढले तरी काढू द्यायचे. त्या हाताला आता कुणीच जपत नव्हतं, मीही नाही. एक दिवस ह्यांनी माझ्या हातून हातोडी घेतली आणि भिंतीत खिळा ठोकला, वाकडा. त्या वाकड्या खिळ्याकडे बघून मला जेवढं वाईट वाटलं तेवढं दवाखान्यातही वाटलं नव्हतं.

डिसेंबरात एका दुपारी दुकानातून सिरक्याचा वास आला. मी पडवीतून गेले तर ह्यांनी भात केला होता, पंख्याने वारा घालून कोमट केला होता, लाकडी पाटावर थोडा लेपा कापून ठेवला होता. पांढरा सदरा घातला होता. म्हणाले, बस.

मी म्हटलं, कुठे बसू. ह्यांनी ओनोदेरांच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

इतक्या वर्षांत मी त्या बाजूला कधी बसले नव्हते. फळीची ती बाजू मी फक्त पुसली होती. दुकानातली बाई खुर्चीवर बसत नाही, आणि ह्यांच्या हातची सुशी मी खाल्ली ती स्वयंपाकघरात उभ्याने, उरलेली, थंड झालेली. मी बसले. ह्यांनी माझ्यासमोर ओलं फडकं ठेवलं, घडी घालून, कडेला खूण करून. ती माझी खूण ह्यांना माहीत होती हे मला तेव्हा समजलं.

ह्यांनी हात बुडवला, टाळी वाजवली. भात उचलला. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पाहवलं नाही, हातांकडेच पाहत राहिले. मूद वळली, ठेवली.

मी फडक्याला बोटं टेकवली आणि सुशी उचलली. बोटांतच मला कळलं. ती धरली गेली आणि तरी जिवंत होती, किंचित खाली बसत होती. जिभेवर ठेवली आणि ती सुटली. चावावीच लागली नाही. भात कुठे संपला, मासा कुठे सुरू झाला, समजलं नाही, दाणा दाणा आपोआप मोकळा होऊन गेला. हीच ती. लोक पावसापाण्यातून दोन गल्ल्या ओलांडून जिच्यासाठी यायचे ती. मी ती अशी ताजी पहिल्यांदाच खात होते आणि मला रडू येत होतं, चांगलं लागलं म्हणून, दुसऱ्या कशासाठी नाही.

"घट्ट आहे?" ह्यांनी विचारलं.

"नाही. नेमकी झालीय."

हे हसले. थकलेलं, समजूतदार हसू. ओनोदेरांच्या त्या 'वा'ला उजळले होते तसं नव्हे, खरं कळल्यानंतरचं.

"तूसुद्धा," म्हणाले.

मी म्हटलं, खरंच सांगतेय. मी आईची शपथ घातली. मी म्हटलं, एवढी वर्षं तुम्हाला तोंडावर बोलत आलेय, आता कशाला खोटं बोलेन. हे मान हलवत होते, हो हो म्हणत होते, आणि भाताच्या भांड्यावर ओलं फडकं टाकत होते. मी तरी कशाच्या जोरावर बोलणार होते. गप्प बसणाऱ्यांत मीही होते, आणि जी सुशी होती ती माझ्या पोटात गेली होती.

"आणखी एक द्या," मी म्हणाले. मला हवी होती म्हणून म्हणाले. हावरटपणाने म्हणाले.

"पुरे आता," हे म्हणाले, आणि झाकण ठेवलं. "तुझं पोट दुखेल."